अटन आणि अवस्थान : श्रीचक्रधरांच्या चरित्रातील वऱ्हाड

भडोचहून रामटेकला पायी निघालेल्या यात्रिकाला वऱ्हाड टाळता येत नाही. तापीचे खोरे चढून पूर्णेच्या खोऱ्यात यावे, सातपुडा डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे चालत राहावे, की अचलपूर, ऋद्धपूर, मोर्शी ही गावे आपोआप वाटेवर येतात. तेराव्या शतकात भडोचच्या विशाळदेव नावाच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव अशाच यात्रेला निघाला. हा प्रवास पुढे मराठी गद्याच्या इतिहासातील एक निर्णायक घटना ठरला. निघताना मात्र तो एका उबगलेल्या संसारी तरुणाचा घराबाहेर पडण्याचा मार्ग होता.

महानुभाव परंपरेनुसार द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देहत्याग केला, आणि त्याच सुमारास मरण पावलेल्या हरपाळदेवाच्या देहात प्रवेश केला. तेच पुढे श्रीचक्रधर. ही श्रद्धा बाजूला ठेवून चरित्राची लौकिक बाजू पाहिली तरी लीळाचरित्राने दिलेले तपशील बोलके आहेत. हरपाळदेवाला द्यूताचा नाद होता. एकदा मोठी रक्कम हरल्यावर ती फेडण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले आणि तिने ते नाकारले. ह्या नकाराने मन विटले आणि रामयात्रेचे निमित्त पुढे आले. पित्याचा विरोध होता तो भक्तीला नव्हता, रस्त्याला होता. रामटेकची वाट यादवांच्या राज्यातून जात होती, आणि गुर्जर व यादव यांच्यातील वैर ध्यानात घेता प्रधानपुत्राने त्या मुलखात जाणे धोक्याचे होते. अखेर सोबत परिवार देऊन अनुमती मिळाली. हरपाळदेवाने मात्र तो परिवार टप्प्याटप्प्याने परत पाठवला आणि उरलेल्यांची नजर चुकवून तो एकटाच पुढे निघाला.

चक्रधरांच्या चरित्राचे सूत्र ह्या पहिल्याच प्रसंगात आढळते. ते एखाद्या ठिकाणी जातात त्यापेक्षा ते तेथून निघतात कसे, हे लीळाचरित्रात अधिक लक्षपूर्वक सांगितलेले आहे. राजपुत्राचा थाट, सेवक, वाहन, ओळख ह्या गोष्टी एकेक करून मागे टाकत ऋद्धपुरापर्यंत पोहोचलेला हा पुरुष त्या गावात शिरला तेव्हा त्याच्यापाशी स्वतःखेरीज काहीही उरले नव्हते.

ऋद्धपूर, आजचे रिद्धपूर, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. तेराव्या शतकात ते ब्राह्मणवस्तीचे, देवळांनी गजबजलेले गाव होते. तेथे गुंडम राऊळ ऊर्फ श्रीगोविंदप्रभू राहत. त्यांचा जन्म जवळच्याच काटसुरे गावचा. आईवडिलांच्या पश्चात मावशी-मामांनी त्यांना ऋद्धपुरी आणले आणि बोपो उपाध्यायांपाशी शिकायला ठेवले. पुढे त्यांच्या वागण्यातला लोकविलक्षणपणा वाढत गेला आणि गावाने त्यांना वेडे म्हटले, देवही म्हटले. ते कोणाच्याही घरात शिरत, कोणाच्याही ताटातले उचलत, अस्पृश्य गणलेल्यांच्या वस्तीत जात, देवळातल्या मूर्तींशी बोलत. लीळाचरित्रानुसार हरपाळदेवाला त्यांचे दर्शन घडले ते कोणत्याही मठात नव्हे तर बाजारात. त्यांच्या हातचा प्रसाद त्याला मिळाला, तोही शेंगुळ्यासारखा एक साधा खाद्यपदार्थ. त्या प्रसादाबरोबर ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला असे पंथ मानतो. यात्रा रामटेकची होती. तिचे फळ मात्र ऋद्धपूरच्या बाजारपेठेत पदरी पडले.

मराठी संतचरित्रांत गुरुभेटीनंतर सामान्यतः उपदेश येतो, संप्रदायाची दीक्षा येते, कधी ग्रंथरचनेची आज्ञा येते. येथे ह्यांपैकी काहीच नाही. चक्रधर ऋद्धपुराहून उठले आणि सालबर्डीच्या डोंगरात जाऊन राहिले. सालबर्डी मोर्शीच्या उत्तरेला, आजच्या महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या सीमेवर, सातपुड्याच्या कुशीत आहे. तेथे त्यांनी बारा वर्षे एकांतात काढली अशी परंपरा आहे. ह्या बारा वर्षांविषयी लीळाचरित्र जवळपास मौन पाळते. ज्या ग्रंथाने पुढे एखाद्या साध्या दिवसातील न्याहारी, फिरणे, विसावा यांचीही नोंद ठेवली, त्याला ह्या एका तपाबद्दल सांगण्यासारखे फारच थोडे सापडले. ह्याचे कारण उघड आहे. सालबर्डीत पाहणारा कोणी नव्हता.

लीळाचरित्राच्या रचनेचा विचार करताना ह्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग सर्वपरिचित आहेत. एकांक म्हणजे एकाकी भ्रमणाचा काळ. त्या भागातील बहुतेक लीळांना खुद्द चक्रधरांशिवाय साक्षीदार नाही. त्यांनीच पुढे केव्हातरी बोलता बोलता सांगितलेल्या आठवणी शिष्यांनी मनात साठवल्या आणि म्हाइंभटांनी लिहून घेतल्या. म्हणून एकांकाचा भूगोल विरळ आहे. गावे येतात, पण त्या गावातले अमुक देऊळ, त्याची अमुक दिशा, असा तपशील क्वचितच येतो. कोठे एखादा डोंगर, कोठे एखादे तळे, कोठे नुसतेच रान. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपासून पळणारा ससा चक्रधरांच्या गुडघ्याखाली आश्रय घेतो ती प्रसिद्ध लीळा घ्या: ससा आठवतो, शिकारी आठवतात, जागा आठवत नाही. पूर्वार्धापासून हे चित्र पार पालटते. आता सोबत बाइसा आहेत, पुढे महदाइसा, नागदेव आणि इतर अनेक येतात, आणि प्रत्येक पावलाला साक्षीदार मिळतो. स्थळाचा नेमकेपणा सोबत्यांबरोबर वाढत जातो. लीळाचरित्रातील भूगोल हा चक्रधरांनी पाहिलेल्या देशाचा जेवढा आहे, त्याहून अधिक तो त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचा आहे.

सालबर्डीनंतर भ्रमणाचा दीर्घ कालखंड सुरू होतो. तो कालक्रमाने लावणे कठीण आहे, आणि तसा आग्रह धरण्यात फारसे हशील नाही. आंध्रदेशात एका घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला, काही काळ संसार झाला आणि तोही त्यांनी सोडला. भंडारा येथे निळभट भांडारेकार भेटले. घरदार टाकून मागे येणारा हा पहिला सोबती. त्यांचा सहवास दीर्घ ठरला नाही. अचलपुरास, म्हणजे लीळाचरित्रातील आळजपुरास, रामदरणा नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना मोठ्या सन्मानाने ठेवून घेतले. अचलपूर हे तेव्हा वऱ्हाडातले मोठे सत्ताकेंद्र. आश्रय होता, ऐश्वर्य होते, मान होता. तेथूनही चक्रधर निघून गेले. लोणारच्या सरोवराकाठी यादवराजा कृष्ण, लीळाचरित्रातील कान्हरदेव, दर्शनाला आला तेव्हाही तेच घडले. ह्या राजाची कारकीर्द साधारणपणे इ.स. १२४६ ते १२६१ अशी मानली जाते, आणि त्यामुळे एकांकातील मोजक्या कालनिश्चित करता येण्याजोग्या प्रसंगांत ही भेट गणावी लागते. राजाने द्रव्य अर्पण केले. चक्रधरांनी त्याला स्पर्श केला नाही आणि राजमान्यतेचा गाजावाजा होताच ते स्थान सोडले.

गुजरातेतील घर, आंध्रातील संसार, अचलपूरचा मान, लोणारचे राजदर्शन. चार वेगवेगळ्या प्रदेशांत, चार वेगवेगळ्या प्रलोभनांसमोर एकच कृती घडते. एखादे ठिकाण आपल्याला धरून ठेवू लागले आहे हे जाणवले की ते ठिकाण सोडायचे. सामान्य प्रवासी जेथे स्वागत होते तेथे मुक्काम वाढवतो. चक्रधरांच्या बाबतीत स्वागत हीच निघण्याची खूण ठरते.

ह्या पार्श्वभूमीवर आचारसूत्रांतील प्रसिद्ध आज्ञेकडे पाहिले पाहिजे. शिष्यांनी महाराष्ट्रात राहावे, कानड आणि तेलंग देशांत जाऊ नये, असे त्यांनी सांगितले. मराठी भाषेच्या सभासमारंभांतून, विशेषतः २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी, ह्या सूत्राचा पूर्वार्ध हमखास उद्धृत होतो आणि चक्रधरांना मराठी अस्मितेचे आद्य उद्गाते ठरवले जाते. उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. त्या देशांत न जाण्याचे जे कारण सूत्रपाठ देतो ते असे की ते देश विषयांनी संपन्न आहेत आणि तेथे संन्याशाला मान मिळतो. म्हणजे महाराष्ट्राची निवड तेथील वैभवासाठी झालेली नाही. साधकाला तेथे फारसे कोणी विचारणार नाही म्हणून झालेली आहे. ज्याने आंध्रातील सुखवस्तू संसार स्वतः अनुभवला आणि टाकला त्याचे हे सांगणे आहे, हेही विसरता येत नाही. त्याच आचारप्रकरणात स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि आप्तसंबंधीयांचा संबंध तोडण्याची आज्ञा आहे. देशाच्या टोकाला, झाडाच्या तळाशी राहावे, असेही सांगितले आहे. जन्मभूमीचा अभिमान त्याज्य मानणाऱ्या आचार्याच्या तोंडी प्रदेशाचा अभिमान घालणे हे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. मातापूर म्हणजे माहूर आणि कोल्हापूर ही दोन क्षेत्रे टाळण्याचा उपदेशही ह्याच जातीचा आहे. ती दोन्ही क्षेत्रे आजच्या महाराष्ट्रातच आहेत. तरीही ती वर्ज्य, कारण ती साभिमान स्थाने होत.

मग महाराष्ट्राला आणि मराठीला चक्रधरांनी दिले ते काय? याचे उत्तर आज्ञेत नाही, व्यवहारात आहे. गुजरातेतून आलेला हा पुरुष ज्या लोकांत फिरला त्यांच्या भाषेत बोलला. त्याच्याभोवती जमलेल्यांत शास्त्री होते तसे निरक्षरही होते, आणि स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. पुढे नागदेवाचार्यांसमोर कोणी संस्कृतात प्रश्न करू लागले तेव्हा त्यांनी ते थांबवले; संस्कृतामुळे साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. मराठीचा आग्रह असा बरोबरीने चालणाऱ्यांच्या गरजेतून आलेला आहे.

पूर्वार्धाचा आरंभ पैठणच्या परिसरात होतो. तत्पूर्वी मेहकरला बोणेबायांची भेट झालेली आहे. मेहकर आणि लोणार ही दोन्ही आज बुलढाणा जिल्ह्यात असलेली गावे वऱ्हाड आणि गोदातीर यांना जोडणाऱ्या वाटेवर आहेत, आणि चक्रधरांचे चरित्रही येथेच वऱ्हाडाकडून गोदावरीकडे वळते. पैठणला भोगनारायणाच्या देवळात त्यांचा मुक्काम होता. बाइसा तेथेच मिळाल्या. त्यानंतरची वर्षे जवळजवळ अखंड चालण्यात गेली. वेरूळच्या लेण्यांच्या परिसरात दीर्घ मुक्काम, जालन्याच्या बाजूला हिवरळी, बीड, नेवासे, सिन्नर, नाशिक, डोमेग्राम, बेलापूर, अशी ही लांबलचक यादी आहे, आणि ती अभ्यासकांना पाठ असते. तिच्यातील प्रत्येक गावाचा येथे परामर्श घेण्याचे कारण नाही.

त्या प्रवासाची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. मुक्काम बहुधा गावाबाहेरच्या देवळात. शिष्य भिक्षेला जात, बाइसा स्वयंपाकाची आणि सेवेची व्यवस्था पाहत. सकाळी आणि सायंकाळी चक्रधर परिसरात फिरायला निघत. ह्या फिरण्याला पंथाच्या परिभाषेत विहरण म्हणतात. ओढ्याकाठी, मळ्यात, पडक्या देवळात, वडाखाली, जेथे बसतील तेथे गोष्ट निघे, आणि त्या गोष्टीतून निरूपण. देवळातील शिल्प, रस्त्यात भेटलेला शेतकरी, वाटेवर पडलेले काही, कशावरूनही बोलणे सुरू होई. लीळाचरित्रातील दृष्टांतांचे जग हे चालणाऱ्याच्या डोळ्यांना दिसलेले जग आहे. त्यात राजधान्या कमी आणि खेडी फार. चालणे, एकांतात बसणे, भिक्षा मागणे आणि नामस्मरण करणे ही महानुभाव संन्याशाची दिनचर्या अटन, विजन, भिक्षा अशा शब्दांत पुढे सूत्रबद्ध झाली ती ह्या प्रत्यक्ष जगण्यावरून.

वऱ्हाड ह्या काळात दृष्टीआड झाले असे मात्र नाही. गोदातीरी असताना चक्रधर शिष्यांना ऋद्धपूरचे वर्णन करून सांगत. तेथली देवळे, गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांतून दिवसभर हिंडणारे श्रीप्रभू ह्यांचे चित्र शिष्यांच्या मनात त्यांनी आधीच उभे केले होते. आजच्या अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यातले आलेगाव हे त्यांच्या वास्तव्याने पावन झालेले स्थान म्हणून पंथात पूजनीय आहे. सातमाळ्याच्या घाटावरून खाली वऱ्हाडात उतरणे आणि पुन्हा वर चढणे हे त्या काळच्या प्रवाशाला सोपे नव्हते. तरी ह्या दोन प्रदेशांतील ये-जा चरित्राच्या पार्श्वभूमीला सतत जाणवत राहते. गोदातीर ही शिष्यपरिवाराची भूमी, वऱ्हाड ही गुरूची.

गोविंदप्रभू आणि चक्रधर ह्या गुरुशिष्यांची तुलना करण्याजोगी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. गोविंदप्रभू आयुष्याचा बहुतेक काळ ऋद्धपुरातच राहिले. त्यांची सगळी भ्रमंती एका गावाच्या वेशीच्या आत आहे. आज ह्या घरी, उद्या त्या घरी, देवळातून बाजारात, बाजारातून मांगवाड्यात. तहानलेल्या मातंगांना विहिरीची जागा दाखवल्याची लीळा त्यांच्या चरित्रात आहे. चक्रधरांची भ्रमंती देशभर. परंतु एकाने गावातील जातीच्या सीमा ओलांडल्या आणि दुसऱ्याने गावांच्या सीमा. दोघांच्याही पायांनी जे अंतर तोडले ते एकाच प्रकारचे होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ह्या चालत्या परिवाराचा प्रभाव वाढला आणि त्याबरोबर विरोधही. यादवांच्या दरबारातील हेमाद्री आणि धर्मसत्तेतील काही प्रमुख यांच्या पुढाकाराने पैठणला सभा झाली आणि चक्रधरांना दोषी ठरवून त्यांचा छळ करण्यात आला, असे लीळाचरित्र सांगते. हा काळ रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीचा, म्हणजे इ.स. १२७१ नंतरचा. त्यानंतर बेलापूरहून चक्रधर उत्तरापंथे निघून गेले. पंथीयांच्या श्रद्धेप्रमाणे हे प्रयाण आहे, अंत नाही. वर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि त्यांचा निकाल लावण्याजोगा स्वतंत्र पुरावा पुढे आलेला नाही. चरित्राच्या अंतर्गत तर्काशी मात्र हा शेवट पूर्णतः सुसंगत आहे. ज्याचे सारे जीवन निघून जाण्यात व्यतीत झाले त्याच्या जीवनाचा शेवटही ग्रंथकाराने निघून जाण्यातच दाखवला आहे.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. चक्रधरांनी त्यांना श्रीप्रभूंच्या सेवेला जाण्यास सांगितले होते. नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट आणि इतर शिष्य गोदातीर सोडून ऋद्धपुरी आले. सुमारे एक तप हे गाव पंथाचे केंद्र बनले. महदाइसेने धवळे रचले ते येथेच, गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडण्याच्या निमित्ताने. आद्य मराठी कवयित्रीची रचना वऱ्हाडातल्या एका गावात, एका वृद्ध अवलियाच्या हौसेखातर जन्माला आली.

म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे काम हाती घेतले तेही येथेच, वाजेश्वरीच्या देवळात बसून. म्हाइंभट हे सराळ्याचे, शास्त्राचा अभिमान बाळगणारे पंडित. चक्रधरांशी वाद करायला आले आणि अनुयायी झाले. गुरूचा विरह असह्य होऊन त्यांच्या लीळांचे स्मरण करीत बसण्याची सवय त्यांना लागली, आणि त्यातून संकलनाची कल्पना निघाली. नागदेवाचार्यांच्या स्मरणातील लीळा त्यांनी प्रथम लिहून घेतल्या. मग ज्या ज्या व्यक्तीच्या संबंधात लीळा घडली त्या त्या व्यक्तीकडे जाऊन पडताळा घेतला. ह्या पंडिताने ग्रंथासाठी जी पायपीट केली ती स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावी. चक्रधर ज्या वाटांनी गेले त्याच वाटांनी म्हाइंभट पुन्हा गेले. पहिल्याने वाटेवर काही ठेवू नये म्हणून, दुसऱ्याने वाटेवरचे काही हरवू नये म्हणून. इ.स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ ज्ञानेश्वरीच्या आधी एक तप मराठी गद्याला उपलब्ध झाला. मूळ प्रत पुढे परचक्रात नष्ट झाली आणि शिष्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. लीळाचरित्रात आज जे पाठभेद आढळतात त्यांचे एक मूळ येथे आहे.

स्मरणाची ही निकड चौदाव्या शतकात स्थानपोथी ह्या ग्रंथात टोकाला पोहोचली. तिच्यात चक्रधरांच्या संचारातील गावे क्रमाने येतात, आणि प्रत्येक गावातील स्थानांची नोंद होते. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे तोंड कोणीकडे, चौक कोठे, पटिशाळ कोठे, सोंडी कोणत्या बाजूची, ते कोठे बसले, कोठे जेवले, कोठे निजले, कोठे उभे राहिले. दीर्घ मुक्कामाचे ते अवस्थान, थोड्या दिवसांचा तो वसती, बसले ते आसन, जेवण ती आरोगणा, झोप तो पहुड. प्राचीन मराठीत प्रवाशासाठी लिहिलेले इतके काटेकोर मार्गदर्शक पुस्तक दुसरे नाही. पंथाबाहेरच्या वाचकालाही ते मोलाचे आहे, कारण यादवकालीन देवळांची रचना, त्यांतील भागांची मराठी नावे आणि शेकडो ग्रामनामांची जुनी रूपे तिच्यात टिकली आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते (१९०८–१९९८) यांनी स्थानपोथीचे संपादन केले आणि पुढे १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे लीळाचरित्राची संपादित आवृत्ती सिद्ध केली. ह्या दोन ग्रंथांमुळे गावे ओळखण्याच्या कामाला पक्का आधार मिळाला. तत्पूर्वी ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून आणले होते. त्याहीपूर्वी, सकळ आणि इतर सांकेतिक लिपींचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी होईपर्यंत, हा सारा भूगोल पंथाच्या पोथ्यांत बंद होता.

स्थानपोथीसमोर उभे राहिले म्हणजे एक विसंगती टाळता येत नाही. ज्या पुरुषाने कोणत्याही ठिकाणाला स्वतःला बांधून घेतले नाही, ज्याने स्वग्रामाचा संबंधही तोडण्यास सांगितले, त्याच्या अनुयायांनी त्याच्या बसण्याउठण्याची जागा नि जागा मोजून ठेवली, त्यावर ओटे बांधले, आणि त्या ओट्यांना नमन करीत फिरणे हे पुण्यकर्म मानले. काहींना ही मूळ उपदेशाची हानी वाटते. हे मत घाईचे आहे. महानुभावांत मूर्तिपूजेला स्थान नाही. तेव्हा गेलेल्या गुरूशी नाते सांगण्यासाठी त्यांच्या हाती दोनच गोष्टी उरल्या होत्या, त्याचे शब्द आणि त्याच्या पायांखालची जमीन. शब्दांतून लीळाचरित्र आणि सूत्रपाठ निघाले, जमिनीतून स्थाने. शिवाय स्थाने इतकी आणि इतकी विखुरलेली की त्यांचे दर्शन घ्यायचे तर अटन करावेच लागते. एका क्षेत्री बसून राहण्याची सोय ह्या भक्तीत नाही. तरीही प्रश्न पुरता सुटत नाही. ऋद्धपूर हेच पुढे परमेश्वरपूर म्हणून मोठे क्षेत्र झाले, मठ उभे राहिले, आणि साभिमान स्थानाची जी लक्षणे माहूर-कोल्हापुराविषयी सांगितली होती त्यांपासून हे गाव कितपत दूर राहिले, हे तपासणे पंथाच्या इतिहासकाराला भाग आहे. २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठाचे कामकाजही ह्याच गावी सुरू झाले.

पहिल्या पिढीला ही अडचण जाणवली असावी. इ.स. १२८७ च्या सुमारास गोविंदप्रभूंनी देह ठेवला. म्हाइंभटांनी त्यांच्याही लीळा संकलित केल्या आणि ऋद्धपूरलीळा ऊर्फ श्रीगोविंदप्रभूचरित्र तयार झाले. सोय पाहिली असती तर परिवार ऋद्धपुरातच राहिला असता. गाव ओळखीचे झाले होते, आसरा होता, आठवणी होत्या. नागदेवाचार्य तेथे थांबले नाहीत. ते परिवारासह वऱ्हाड सोडून पुन्हा गोदातीराकडे निघाले आणि त्यांनी निंब्याला वास्तव्य केले. सालबर्डीच्या डोंगरात त्यानंतरही कोणी बारा वर्षांच्या एकांतवासाची कथा लिहायला गेले नाही. तेथे आज भाविक जातात आणि शिवरात्रीला मोठी यात्रा भरते. चक्रधरांच्या सर्वांत दीर्घ मुक्कामाची माहिती मात्र अजूनही सर्वांत थोडक्या ओळींत मावते.